सपाट बाजू

"अगं, सुम्मने, गप उभी राहा की! व्हिडिओत वाकडं दिसतंय."

असं म्हणत माझ्या थोरल्या जावेने माझ्या ब्लाउजात हात घातला आणि डाव्या बाजूला रुमालांचा बोळा कोंबला. पाच-सहा बायकांसमोर. धारवाडच्या कार्यालयातली मागची खोली. माझ्या मुलाची मुंज. आणि मी, त्याची आई, दुकानातल्या बाहुलीसारखी उभी.

कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढून टाकलाय. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. या जावेने, आमच्या अक्काने, तेव्हा मोबाईलवर गुलाबी फितीचं स्टेटस ठेवलं होतं. खाली लिहिलं होतं, 'आमची वाघीण'. वाघीण मोबाईलमध्ये शोभते. चारचौघांत यायचं तर बोळा भरून.

बाहेर तर उघड्या छात्यांचं प्रदर्शनच भरलं होतं. सोवळं नेसलेले पुरुष. पोटं सुटलेली, घाम निथळतोय, काखा खाजवणं चाललंय. माझ्या दिरांची छाती माझ्या राहिलेल्या बाजूपेक्षा मोठी, चालताना हलते. तिचं कुणाला काही नव्हतं. ते पावित्र्य म्हणे!

मातृभोजनाला बसले. मुंज लागण्याआधी आई आणि मुलगा एका ताटात जेवतात, ते शेवटचं. त्याला भरवायला वाकले आणि बोळा सरकून गळ्यापाशी आला. कुणीतरी खिदळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समोर सासरे उभे. गावातले मोठे वकील. कमरेच्या वर फक्त जानवं.

"सूनबाई, पदर नीट घे की. चार माणसं बघायलेत."

मुलगा घास तोंडात धरून माझ्याकडे बघत होता. आज त्याला एवढंच शिकवायचं होतं का, आईच्या अंगाची लाज? माझं डोकं सणकलं. सगळ्यांदेखत मी बोळा काढला आणि खाली टाकला.

"अप्पा, आधी तुम्ही उपरणं घ्या."

अक्काचं तोंड उघडं ते उघडंच. भटजींना एकदम पुढचा मंत्र आठवला. मी मुलाला दुसरा घास भरवला. व्हिडिओवाला कॅमेरा खाली करून उभा होता, त्याला म्हटलं, "समोरून घे."

आता नवरा मागे लागलाय. अप्पांची माफी माग, विषय मिटेल. मी मागणार नाही. सोमवारी शाळेत शिकवायला जाईन ती अशीच जाईन. बसमध्ये, स्टाफरूममध्ये, वर्गात, अशीच. ज्यांना बघवत नाही त्यांनी मान फिरवावी. मी मरता मरता वाचलेय. लाज त्यांना वाटते ना? मग त्यांनीच ती सांभाळावी.