आव्याच्या ठरावावर माझा हात

निजामाचं राज्य जाऊन गावात पंचायत आली आणि मीही पंच झालो. एका बैठकीत कुंभारणीचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, गावाबाहेर हलवायचा ठराव आला. धुराचा त्रास खरा होता. पण नवऱ्यामागं लेकरं सांभाळणाऱ्या त्या बाईनं शिवारात एकटीनं आवा राखायचा कसा? ती चावडीच्या दारात पदर आवळून उभी होती. मी मात्र पाटलांना आधीच शब्द देऊन बसलो होतो, आवा हलवायचा.

सरपंच म्हणाले, "हाय तिथंच ऱ्हावा म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

माझ्या तळहातावर तंबाखू, ध्यान सगळं चुन्यात. समोरच्या पंचाकडं चुना मागायला म्हणून मी दुसरा हात वर केला. ठराव पडायला एकच हात कमी होता, तो माझा निघाला.

"काय ओ, फिरलात व्हय?" पाटील गुरकावले.

चुन्याचं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात कुंभारणीनं उंबऱ्यावर डोकं टेकलं. "दादा, माझी लेकरं जगिवली तुमी."

हात खाली घ्यायची माझी छातीच झाली नाही.