पहिलं तेल

काल कामतघरला काकाच्या यंत्रमागाच्या शेडसमोर रिक्षातून उतरलो आणि तोच वास नाकात घुसला, लूमच्या जळक्या तेलाचा आणि त्यात भिजलेल्या कापसाच्या भुग्याचा. माझा पहिला कॉम्प्युटर आठवला.

कॉलेजात असताना मी तो स्वतः जोडला होता, व्हिडिओ बघत, श्वास रोखून. दुसऱ्या दिवशी दसरा होता. नव्या मशीनला पहिलं तेल थोरल्या माणसाच्या हातचं, ही आमच्या घरातली रीत. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात काकाने उघड्या कॅबिनेटमधल्या पंख्यावर तेलाची अख्खी कुपी ओतली.

येऊन बघतो तर तेल मदरबोर्डवरून ओघळतंय आणि शेजारच्या शेडमधून उडालेला भुगा त्यावर बसलाय, भिजून मेलेल्या उंदरासारखा. हात लावला तर बोटांना चिकट तार सुटली. मला उलटीच आली.

काका मात्र खूश. "मशीन हाय ना? मंग कोरडी कशी चालंल? आता बघ, आवाजच न्हाय येनार."

आवाज खरंच आला नाही. पुन्हा कधीच नाही.

काल भंगारवाला काकाचे शेवटचे लूम टेम्पोत चढवत होता. प्रत्येक लूममधून ताजं तेल ठिबकत होतं.

"चाचा, भंगार को तेल कायको डाला?" तो वैतागून म्हणाला.

काका उंबऱ्यावर बसला होता. "मशीन हाय ना," एवढंच म्हणाला.

त्याला उठवायला मी हात दिला. बोटांना तीच तार सुटली.

शी.