मोठं पातं आधी

ती झडती आजही आठवते. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, वैनगंगेतून प्रेतं काढली. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. खिशात मावणाऱ्या एका चाकूचं हे प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. राजुऱ्याला बदली होण्याआधी मी जंगलपट्टीतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच. माणसं अजून आहेत आणि तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

सकाळची हजेरी आटोपून मी डाक पाहत होतो. ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. बोलणाऱ्याला साहेबांशीच बोलायचं होतं. तोंडावर रुमाल धरल्यासारखा दबका आवाज.

"रिटायर फॉरेस्टरच्या घरी सांबराच्या शिंगाचा चाकू हाय, साहेब. दोन पात्यांचा. लाकडी पेटीत, पिवळ्या फडक्यात. फॉरेस्टवाल्याइले सांगून फायदा नाई, ते आपल्या मानसाले वाचवतीन."

"तुमचं नाव?"

"नाव कायले पाहिजे? आन् हे पाहा, उघडसान तं मोठं पातं पह्यले उघडजा, मंग लहान. उलटं केलं तं लहान पातं मोठ्यावर घासते. जपून जी."

फोन बंद झाला.

खबर देणारे नाना प्रकारचे असतात. कोणी बक्षिसासाठी येतो, कोणी बांधाच्या भांडणातून, कोणी नुसताच पोटदुख्या. पण मुद्देमाल जपून हाताळा असं सांगणारा मला तो पहिलाच भेटला. घाईत मी त्यावर विचार केला नाही, सूचना तेवढी डोक्यात ठेवली.

ज्यांच्याबद्दल खबर आली ते निवृत्त वनपाल होते. गावात सगळे त्यांना फॉरेस्टरच म्हणत. शिकाऱ्यांच्या घरांतून शिंगं आणि कातडी बाहेर काढण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्याच घरात सांबराचं शिंग निघालं तर गुन्हा दाखल होणार, तुरुंग दिसणार. आणि त्याहून वाईट म्हणजे ज्यांना त्यांनी पकडलं होतं ते सगळे चौकात उभे राहून हसणार. म्हाताऱ्याजवळ पेन्शन आणि नाव याखेरीज काही नव्हतं.

दोन पंच घेऊन आम्ही गेलो. फॉरेस्टरांनी स्वतःच पेटी आणून ओसरीवर ठेवली. आत घडीचे चाकू ओळीने मांडलेले, सगळे दोन पात्यांचे. कोणाची मूठ शिसवीची, कोणाची पितळेची, कोणाची झिजून गुळगुळीत झालेली. एकाही पात्यावर गंजाचा ठिपका नाही. पिवळ्या फडक्यातला चाकू वेगळा होता. तपकिरी, खडबडीत मूठ, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, आणि हातात घेतला की मुठीत असा बसे की जणू बोटं मोजून केलेला. खरं सांगतो, मला हेवा वाटला. माझ्या खिशात सरकारी किल्ल्यांशिवाय कधी काही नव्हतं.

मी नखाच्या खाचेत नख घालून मोठं पातं उघडलं, मग लहान. दोन्ही वेळा टक असा आवाज झाला. मान वर केली तर फॉरेस्टर माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या अंगठ्याकडे पाहत होते.

"तुमाले कोनं सांगतलं जी, मोठं पह्यले उघडाचं?"

"आमचं काम आम्हाला माहीत असतं," मी ठसक्यात म्हणालो.

 त्यांनी पंचनाम्यावर सही केली. आम्ही चाकू कापडात बांधून लाखेचं सील लावलं.

ठाण्यात त्यांची चौकशी केली. चाकू एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बायकोने दिला, एवढं त्यांनी सरळ सांगितलं. मूठ कशाची ते मात्र त्यांनाही खात्रीने माहीत नव्हतं.

"तुम्ही वनखात्यातले. शंका आली नाही?"

"आली जी. पन हाडच वाटलं. आन् हाड वाटावं, असं मनाले बी वाटे. खोटं काऊन बोलू?"

"कोणावर संशय? कोणी वैरी?"

"जंगलात नोकरी केली, वैरी लय हायत. पन हे त्याइचं काम नाई."

"मग कोणाचं?"

त्यांनी पाणी मागितलं आणि खिडकीबाहेर पाहत बसले. निर्दोष माणूस चौकशीत चिडतो, न विचारता चार नावं सांगतो. हा माणूस अडकलेला असून कोणाला तरी पाठीशी घालत होता. तेव्हा कुठे मला त्यांचा ओसरीवरचा प्रश्न आठवला. खबर देणारा कोण, हे त्यांना माझ्या अंगठ्याने सांगून टाकलं होतं, आणि ठाण्याच्या प्रभाऱ्याला अजून पत्ता नव्हता!

खबर आलेल्या फोनचा नंबर बसस्टँडवरच्या चहावाल्याचा निघाला. कोणीतरी चार्जिंग संपलं म्हणून मोबाइल मागून घेतला होता. कोणी, ते त्याला आठवेना किंवा आठवायचं नव्हतं. इकडे गावात बोभाटा झाला. फॉरेस्टर भाजी घ्यायला निघाले की लोक हात डोक्यावर धरून शिंगं करून दाखवत. त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी प्रथमदर्शनी हाड असल्याचं सांगितलं, पण सरकारी कामात 'प्रथमदर्शनी'वर कोणी सुटत नाही. नमुना प्रयोगशाळेत गेला आणि अहवालाची वाट पाहणं सुरू झालं.

दरम्यान मी चाकू देणाऱ्या बाईंचा जबाब घ्यायला पोंभुर्ण्याकडच्या त्यांच्या खेड्यात गेलो. त्या धानाच्या बांधीतून, म्हणजे भातखाचरातून, हात धुऊन आल्या आणि उभ्यानेच बोलल्या.

"आमच्या बुढ्याचा चाकू शेठले बी पाहिजे होता. लोखंडाचं दुकान हाय ना त्याइचं, ते शेठ. किती वर्सं खेटे घातले बिचाऱ्यानं. कधी ताडपत्री आने, कधी औषध आने."

"मग त्यांना का नाही दिला?"

"शेठ आला का पह्यले भाव विचारे. फॉरेस्टर आला का चाकू हातात घेऊन उगाच बसून राहे, तेल लावे, आन् परत देऊन जाय. बुढा मरताना म्हने, यालेच देजो."

हे शेठ आणि फॉरेस्टर म्हणजे गावातली जोडी. दोघांनाही एकच नाद. रोज दुपारी शेठच्या गादीवर फडकं अंथरून दोघे आपापले चाकू मांडत. पाती उघडून आवाज ऐकत, धार उन्हाला धरत, आणि तुझा बरा की माझा यावर पोरांसारखे भांडत. झडतीपासून फॉरेस्टर तिकडे फिरकले नव्हते. आणि इतक्या जुन्या मित्रावर एवढं बालंट आलं असताना शेठही एकदासुद्धा ठाण्यात विचारपूस करायला आले नव्हते, हे माझ्या ध्यानात आलं.

अहवाल आला. मूठ म्हशीच्या हाडाची. गुन्हा बनत नव्हता. चाकू परत देण्यासाठी मी सील उघडलं, पण आधी शेठना बोलावून घेतलं. गोरे, नीटनेटके, बोलण्यात गोड. चाकूतले जाणकार म्हणून तुमचं मत हवं, असं सांगून समोर बसवलं, आणि चाकू उचलून सरळ लहान पात्याच्या खाचेत नख घातलं.

"अजी थांबा!" त्यांचा हात टेबलावरून झेपावला. "मोठं पह्यले!"

मी चाकू खाली ठेवला. "फोनवर हेच म्हणाला होतात."

शेठचा चेहरा उतरला. नाकारण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"मी किती खेटे घातले साहेब, आन् याले फुकटात भेटला. भेटला तं भेटला, पन रोज माह्याच गादीवर बसून मलेच दाखवे. 'पाहा शेठ, कसा बोलते.' तो हसे, आन् इथी माह्या पोटात आग पडे. जेवन गोड लागे नाई. मले नाई भेटला, तं त्याच्यापाशी बी राहू नये, बस."

"सांबराचं आहे असं खरंच वाटलं होतं?"

"वाटलं जी. मले भेटला असता तं सांबराचा म्हनूनच मिरवला असता." मग चाकूकडे पाहत हळूच म्हणाले, "याले काई झालं तं नाई ना?"

माणूस तुरुंगात जाता जाता राहिला होता, आणि हे चाकूची खुशाली विचारत होते! स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे मी पुष्कळ पाहिले. याने अपशकुन करतानाही पात्यावर ओरखडा येऊ दिला नव्हता. मला भयंकर राग आला. पण खबर त्यांना खरी वाटली होती, म्हणजे मुद्दाम खोटी माहिती दिल्याचा गुन्हा टिकणार नव्हता. चार खडे बोल सुनावून मी त्यांना सोडलं. खबर देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं असतं, ते मी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फॉरेस्टर चाकू न्यायला आले. मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला.

"नाव सांगू नका, साहेब. तुमी मोठं पातं पह्यले उघडलं, तवाच समजलं. तो गुन त्या एका चाकूचाच हाय, आन् मी एकाच मानसाले सांगतला होता."

पोचपावतीवर सही करून म्हणाले, "दुकानापर्यंत येता का सोबत?"

दुकान रस्त्यापलीकडेच होतं. शेठ गादीवरून उठून उभे राहिले. फॉरेस्टरांनी चाकू गल्ल्यावर ठेवला. आवाज चढवला नाही.

"याले कसं जपाचं, हे तुमी पोलिसाईले बी सांगतलं, शेठ. तवा तुमच्यापाशीच असू द्या."

शेठ "भाऊ, भाऊ" म्हणत राहिले. फॉरेस्टर पायऱ्या उतरून गेले. त्या गादीवर ते पुन्हा बसले नाहीत.

पोलिसाला वाटतं, मत्सर दूरच्या माणसाचा असतो. या प्रकरणाने मला शिकवलं की खरा मत्सर करायला फार जवळ बसावं लागतं. ज्याला आपल्या वस्तूची पूर्ण किंमत कळते, तोच आपल्यावर जळू शकतो. त्यानंतर प्रत्येक निनावी खबरीत मी आधी घरच्या माणसांकडे आणि मित्रांकडे पाहत आलो. आणि एक सांगून टाकतो. इतकं सगळं होऊनही मला त्या दोघांचा हेवाच वाटतो. माझ्यावर जळावं इतकं मला जवळून पाहणारं कोणी माझ्या वाट्याला आलं नाही.

मागे एका लग्नासाठी त्या गावी जाणं झालं. शेठ थकले होते, पण ओळखलं. चहा मागवला. मी चाकू पाहायचे म्हटल्यावर त्यांनी फडकं अंथरून एकेक मांडला. तो एक नव्हता.

"तो कुठे आहे?"

"हाय ना जी, कपाटात. तेल लावतो."

"मग बाहेर का नाही काढला?"

शेठनी फडक्याच्या पलीकडच्या रिकाम्या जागेवर हात फिरवला.

"कोनाले दाखवू, साहेब?"

मी चहा संपवला आणि उठलो.