चार सेकंदांचा फेटा

माझ्या माहेरहून आलेला मिसळणाचा डबा सध्या मुरुमच्या एका फोटो स्टुडिओत आहे आणि त्यात हळद-मोहरी नाही, काचा आहेत. आमच्या मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या काचा. शंभुलिंग त्यांचं नाव. बावीस वर्षं फोटो काढतात आणि बावीस वर्षं मला एकच गोष्ट समजावतात, की लेन्सच्या तोंडावर कुठल्या वेळी कुठली काच लावायची हे ज्याला कळलं त्याला फोटो कळला. मला कळलं ते एवढंच, की ह्या काचांना फिल्टर म्हणतात आणि डब्याच्या वाट्यांत ते अगदी मापात बसतात. हा शोध लागला त्या दिवशी मालक स्टुडिओतून पळत घरी आले, सातही वाट्या ताटात उपड्या केल्या, धुवायला माझ्यापुढं सरकवल्या आणि मग डबा काखोटीला मारून गेले. तेव्हापासून माझी हळद स्टीलच्या पेल्यात राहते.

माणूस खुळा आहे, पण खूळ बघण्यासारखं आहे. समोर नवरदेव घामानं निथळत उभा असला तरी हे आधी आभाळाकडे बघणार, मग डब्याकडे, मग पुन्हा आभाळाकडे. एक साधी काच आहे, ती नुसती लेन्सला धूळ लागू नये म्हणून. पूर्वी तिच्या कडांना व्हॅसलीन चोपडून ते नवऱ्यामुलींचे चेहरे मऊ करायचे. एका लग्नात बोट चुकून मधोमध लागलं आणि नवरदेवच विरघळला. दुसरी काच फिरवायची असते. ती फिरवली की पाण्यावरची, काचेवरची चकाकी जाते. लोहाऱ्याच्या एका जाड चष्म्याच्या कारकुनाला मालकांनी जरा तिरपं बसवलं, काच फिरवली, आणि फोटोत प्रथमच त्यांचे डोळे दिसले. फोटो बघून त्यांच्या बायकोनं विचारलं, "हे कोण वं?"

पण सगळ्यात लाडकी ती काळी काच. आपल्या गॉगलपेक्षा कितीतरी काळी. ती लावली की उजेड इतका थोडा आत जातो की फोटो निघायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात जे हलेल त्याचा धूर होतो. नळदुर्गच्या धबधब्याचा त्या काचेतून पिंजलेला कापूस होतो. गेल्या सप्टेंबरात मालक एका रविवारी तिथं गेले, दिवसभर तुषारांत भिजले, दीडशे कापूस काढून आणले आणि काच न काढता कॅमेरा तसाच पिशवीत ठेवून झोपले. सोमवारी लोहाऱ्याजवळ तुळजाबाईंकडे फोटो काढायचा होता.

तुळजाबाई म्हणजे अक्का. वय ऐंशी. फोटो ठरवायला त्या स्वतः वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमधून मुरुमला आल्या होत्या, पुढच्या सीटवर, ड्रायव्हरला रस्ता शिकवत.

"भिंतीयेवढा पायजे," त्या म्हणाल्या. "मधी म्या, अन् दोन्ही अंगाला माझे दोन भाऊ. बाकीचे आले तर आले."

बाकीचे चाळीस जण येणार होतेच, प्रश्न भावांचा होता. थोरले रामकिसन, धाकटे बाबूराव. अकरा वर्षांपूर्वी रामकिसनांच्या मुलाच्या लग्नात सगळ्यांना फेटे बांधले आणि बाबूरावांच्या आधी व्याह्यांच्या ड्रायव्हरला बांधला. बाबूराव तसेच उपाशी मांडवाबाहेर पडले ते परंड्याला लेकीकडे जाऊन राहिले. पुन्हा थोरल्याशी शब्द नाही. आता अक्कांनी दोघांकडून एक फोटो कबूल करून घेतला होता. जेवण नाही, बोलणं नाही, नुसता फोटो. बाबूराव साडेतीनच्या एस.टी.नं परत जाणार होते.

आम्ही पोचलो तेव्हा लिंबाच्या सावलीत खुर्च्या मांडलेल्या. रामकिसन गुलाबी फेटा बांधून तयार. बाबूरावांनी मात्र फेटेवाल्याला हातानंच परत पाठवलं होतं. ते बोडक्या डोक्यानं बसले, तोंड शेताकडे. मधे अक्का, नवं लुगडं, पाय जमिनीला टेकत नव्हते. तीन वाजून गेलेले.

मालकांनी कॅमेरा स्टँडवर चढवला, काळी काच काढायला हात घातला आणि त्यांचा चेहरा पडला. आट्यांवर बसवलेली काच फिरेना. रुमालानं धरून फिरवली, दात-ओठ खाऊन फिरवली, अंहं.

मी जवळ जाऊन बघितलं. काचेच्या आट्यांत पिवळं काहीतरी वाळून घट्ट बसलं होतं. हळद. डबा नेला तेव्हा मालकांनी वाट्या धुवायला सांगितल्या होत्या आणि मी रागाच्या भरात त्या नुसत्या फडक्यानं पुसल्या होत्या. नळदुर्गच्या पाण्यानं हळदीचा लेप झाला आणि रात्रीतून तो सिमेंटसारखा धरला.

दुसरी लेन्स होती, पण ती लांबचं बघायची. तिच्यातून चाळीस माणसं घ्यायची तर मालकांना ओढ्यात उभं राहावं लागलं असतं. कुणीतरी मोबाईल पुढं केला, त्यावर अक्का म्हणाल्या, "मोबाईलातलं भिंतीवर येत न्हाय." कॅमेऱ्याची उजेड ओढायची ताकद फार वाढवली तर फोटोत रव्यासारखे ठिपके पडतात. मालकांनी जितकी वाढवायची तितकी वाढवली आणि घाम पुसत सांगितलं, "चार सेकंद. चार सेकंद कुणीबी हलायचं न्हाय. जो हलंल त्याचा धूर व्हईल."

लोक खूष झाले. धूर व्हायचं म्हटल्यावर प्रत्येकाला धूर बघायचा होता.

मालक घाबरले की कानडीतून मोजतात. "ओंदू, एरडू..." मूरूला, म्हणजे तिनाला, एक जावई शिंकला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तर त्याला तीन डोकी, शेजारची सून हसल्यामुळं तिला तोंडच नाही, आणि मागून गेलेली म्हैस पूर्ण गायब. चाळीस माणसं कॅमेऱ्यावर तुटून पडली. "मला बघू दे, माझा धूर झाला का?" एक आजोबा स्वतःला अर्धे आरपार बघून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्या सगळ्या गोंधळात दोनच माणसं रेखीव, बटणांसकट स्वच्छ: रामकिसन आणि बाबूराव. रागानं इतकी ताठ बसलेली माणसं कशाला हलतात!

"एस.टी. चुकंल माझी," बाबूराव शेताला म्हणाले.

पुन्हा सगळे जागेवर. ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू. ह्या वेळी कुणी शिंकलं नाही. मालक पडद्याकडे बघत राहिले. मी डोकावले. सगळे नीट आले होते, फक्त अक्का नव्हत्या. त्या चारही सेकंद ह्या भावाकडे बघत होत्या, मग त्या भावाकडे, मग पुन्हा ह्याच्याकडे. मधल्या खुर्चीत नुसतं धुकं, आणि दोन बाजूंना दोन भाऊ दोन दिशांना बघत बसलेले.

मालकांनी फोटो लपवायला बघितलं, पण अक्कांनी कॅमेराच मांडीवर मागवला. डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला. मग हसल्या.

"बघा रं," त्यांनी दोघांना दाखवला. "म्या गेल्यावर हे असं दिसंल."

रामकिसनांनी बघितलं, बाबूरावांनी बघितलं. कॅमेरा परत स्टँडवर गेला.

"शेवटचा," मालक म्हणाले.

ह्या वेळी अक्का हलल्या नाहीत. देवळातल्या देवीसारख्या समोर बघत बसल्या. मागची माणसं श्वास धरून उभी. ओंदू, मालकांनी मोजलं, आणि रामकिसन हलले. त्यांनी डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी उचलला. एरडू. फेटा अक्कांच्या डोक्यावरून पलीकडं निघाला. मूरू. बाबूरावांनी मान वळवली, आणि मला वाटलं आता हा माणूस उठणार. ते उठले नाहीत. त्यांनी मान खाली घातली. नाल्कूला फेटा त्यांच्या डोक्यावर होता.

"घे रं," रामकिसन म्हणाले. "अकरा वर्सं जड झालाय मला."

मग जो कालवा उठला तो विचारू नका. जावई पुन्हा शिंकला. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. त्या भरात मी कुणाच्या तरी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मागितला, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडतात तसा काचेभोवती गुंडाळला आणि पिळला. काळी काच अलगद हातात आली.

"आता बसा परत," मालक उड्या मारत म्हणाले. "आता डोळ्याचं पातं लवायच्या आत एकदम स्वच्छ फोटो काढतो!"

अक्का मात्र आधीचा फोटो बघत होत्या. चाळीस माणसं रेखीव, अक्का रेखीव, कानातल्या कुड्यांसकट. दोन्ही भावांच्या जागी दोन पुसट ढग, आणि अक्कांच्या डोक्यावरून एका ढगापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली गुलाबी कमान.

"हाच मोठा करा," त्या म्हणाल्या.

"अहो अक्का, ह्यात दोघांची तोंडं कुठं दिसत्यात?"

"तोंडं म्या अकरा वर्सं बघितली की," अक्का म्हणाल्या, आणि कमानीवरून बोट फिरवत राहिल्या.

साडेतीनची एस.टी. कधीच गेली होती. मागं पंगत बसली होती. बाबूराव पहिल्याच पानावर होते, फेटा भुवयांवर उतरलेला, आणि रामकिसनांकडून दुसऱ्यांदा आमटी वाढून घेत होते.