कपाटातलं गॅस मीटर

नागपूरपासून एसटीने तासाभरावर एक कोळशाची खाण होती. ऐंशीच्या दशकात मी तिथे उपकरणं दुरुस्त करायच्या कामावर होतो. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या खोलीतून पहाटे निघायचो आणि पहिल्या पाळीबरोबर खाली उतरायचो.

एके दिवशी खाणीत गॅस मोजायचं नवं यंत्र आलं. हातात मावेल एवढं. बटण दाबलं की हवेत गॅस किती, ते लाल आकड्यांत दिसायचं. आठवडाभर बसून मी ते शिकून घेतलं. मग मॅनेजरसाहेबांनी ते आपल्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"खाली न्यायचं नाही का साहेब?" मी विचारलं.

"बाहेरून मागवलेली वस्तू आहे. पडली, फुटली, तर जबाबदार कोण? सरदाराकडे दिवा आहे ना?"

दिवा होता. सरदार म्हणजे पाळीतली माणसं सांभाळणारा. आधी त्याने गॅस तपासायचा, मगच बाकीच्यांनी आत जायचं. तो दिव्याची वात बारीक करून दिवा हळूहळू छताकडे न्यायचा. गॅस असला तर ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. ती दिसली पाहिजे, एवढंच.

आमचे सरदार वयस्कर होते. मी त्यांना काका म्हणायचो. एका सकाळी मी पंखा बघायला त्यांच्यासोबत शेवटच्या गाळ्यात, म्हणजे कोळसा काढायच्या बोगद्यात, गेलो. त्यांनी दिवा वर नेला, पाहिलं आणि म्हणाले, "साफ आहे. बोलाव सगळ्यायले."

मला ज्योतीवर निळं दिसत होतं.

"काका, पुन्हा बघा."

त्यांनी पुन्हा पाहिलं. "काही नाही गा. तू काहून घाबरून राहिला?"

मी त्यांना दंडाला धरून मागे आणलं आणि माणसांना वाटेतच थांबवलं. काका चिडले नाहीत. भिंतीला टेकून बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "कोणाले सांगू नको. दोन वर्षं राहिली माझी रिटायर व्हायले."

मी वर धावलो. साहेब फेरीवर होते. त्यांच्या शिपायाकडे दुसरी किल्ली असायची. त्याने कपाट उघडून दिलं आणि तोंड फिरवलं. मी मीटर खाली नेलं. सव्वा टक्क्याच्या वर गेलं की माणसं बाहेर काढायची, असा नियम. आकडा त्याच्या बराच वर होता. आम्ही वीज बंद केली, हवेचा झोत आत वळवणारा पडदा सरकवला आणि दुपारपर्यंत गाळा मोकळा केला.

संध्याकाळी मला मेमो मिळाला. विनापरवानगी उपकरण हलवलं म्हणून. गॅसबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "दिव्यावर काही दिसलं नव्हतं का?"

खरं सांगावं तर काकांची नोकरी जाणार, खोटं सांगावं तर उद्या पुन्हा तेच दिवा धरणार. काकाच पुढे झाले. "मले निळं दिसत नाही साहेब. बरेच महिने झाले. याची काही चूक नाही."

त्यांना वर, खाणीबाहेर, दिवे वाटायच्या खोलीत बसवलं, पगार कमी करून. नवा सरदार आला आणि मीटर पुन्हा कपाटात गेलं. साहेब मला म्हणाले, "या नव्याचे डोळे चांगले आहेत."

मी अर्जावर अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. युनियनच्या माणसाला सांगितलं, तर तो म्हणाला बोनसचा विषय आधी मिटू दे. रोज साहेबांच्या खोलीवरून जाताना काचेमागचं ते यंत्र दिसायचं आणि माझं डोकं तापायचं. त्याची बॅटरी चार्ज करायला मात्र महिन्यातून एकदा मलाच बोलवायचे.

पुढे तपासणीला सरकारी इन्स्पेक्टर आले. साहेबांनी मोठ्या अभिमानाने कपाट उघडून यंत्र दाखवलं. इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे बघून सहज विचारलं, "खाली कसं चालतं?"

"खाली एकदाच गेलं साहेब," मी म्हणालो. "त्याचा मेमो माझ्याकडे आहे."

मीटर रोज प्रत्येक पाळीबरोबर जाईल, वहीत आकडा लिहिला जाईल, असा लेखी हुकूम त्याच दिवशी निघाला. दोनच दिवसांत माझी बदली वर्कशॉपमध्ये, टेलिफोन दुरुस्तीला झाली. मीटर खाली जात राहिलं, मी नाही. ते कसं वापरायचं हे नव्या सरदाराला नीट शिकवायचं होतं. तेवढेही दिवस मला दिले नाहीत.