बारा अंगठे

आमच्या वस्तीत मला ‘छापील’ म्हणतात. सगळे ‘हाय’ आणि ‘न्हाई’ म्हणत असताना मी पहिलीपासून ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हणत आलो. कुणी शिकवलं नव्हतं. पुस्तकात तसं होतं, म्हणून तेच बरोबर, असं मला वाटायचं. पुढे संघटनेची पत्रकं लिहायला लागलो तेव्हा या छापीलपणाचं कौतुक झालं. त्याच छापीलपणामुळे वस्तीचा हातपंप गेला. मी हे माफी मागायला लिहीत नाही. माफी मागायची की नाही हेच मला अजून कळलेलं नाही, आणि ज्यांना सगळं लगेच कळतं त्यांचा मला राग येतो.

मुळशी धरणाच्या खालच्या अंगाला आमची तेवीस घरं. धरणाच्या पाण्यावर वीज होते, ती घाट उतरून निघून जाते, आणि आमच्या बाया टेकाडावरच्या झऱ्याला वाटीवाटीनं पाणी भरत बसतात. हे वाक्य मी इतक्या पत्रकांत लिहिलंय की छपाईची स्टेन्सिल न बघता कापू शकतो. ऐंशी सालच्या सुमारास सरकारी बोअरची योजना आली. हातपंप एकच. गावाला तो शाळेपाशी हवा होता, आम्हाला वस्तीत. कचेरीतून निरोप आला की पाणी भरतात बाया, तेव्हा वस्तीतल्या प्रत्येक घरच्या बाईची मागणी लेखी द्या, मग बघू.

दिवस भातलावणीचे होते. अकरा घरच्या बाया लाँचनं धरणाच्या पलीकडच्या काठाला लावणीसाठी गेलेल्या, आठ दिवस येणार नव्हत्या. कागद सोमवारी पौडच्या कचेरीत द्यायचा होता. मी पत्रकं छापायची शाई आणायला पुण्याला गेलो होतो. परत आलो तर कागद तयार. तेवीस नावं, तेवीस अंगठे. माझ्या थोरल्या भावाच्या बायकोनं, म्हणजे वहिनीनं, पुढाकार घेऊन तो पुरा केला होता.

मला रेषा बघायचा नाद आहे. पानाच्या शिरा, विटांच्या सांध्यांतल्या रेघा, अंगठ्याचे ठसे. वहिनीच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना तिरपा वण आहे. तो वण मला त्या कागदावर बारा ठिकाणी दिसला. मी कुणाला बोललो नाही. लपवलं असं नाही. कुणी विचारलं नाही.

नंतर कळलं ते असं की लावणीला निघताना त्या अकराजणी वहिनीला सांगून गेल्या होत्या, माजा बी लाव गं. आमच्याकडे बारशाला जाता आलं नाही तर बाई शेजारणीच्या हाती खण पाठवते, आणि तो खण तिनं स्वतः दिला असंच धरतात. हे तसंच होतं. वस्तीत सगळ्यांना हे न सांगता माहीत होतं. मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

दसऱ्यानंतर तालुक्याचे साहेब चौकशीला आले. समाजमंदिरात टेबल मांडलं, चहा झाला. गावातलेही पाचसहाजण येऊन मागं बसले. वस्तीतर्फे बोलायला मला उभं केलं, कारण मागणी मी शुद्ध वाचीन. वाचली. साहेबांनी कागद खालीवर बघितला आणि पेनाचं टोपण काढता काढता विचारलं, “अंगठे जिचे तिनंच लावलेत ना?”

“नाही,” मी म्हणालो. “तेवीसपैकी बारा एकाच बाईचे आहेत.”

साहेब माझ्याकडे बघत राहिले. आता मला सांगतात की त्या बघण्यात सगळं होतं. मला फक्त त्यांच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली दिसली.

“म्हणजे तुला तसं वाटतंय,” ते सावकाश म्हणाले. “नक्की माहीत नाही. असंच ना?”

“नक्की माहीत आहे.” मी पुढे जाऊन ठसा न् ठसा दाखवला, त्यातल्या वणावर बोट ठेवून. बाराही.

मागून गावातला एक म्हातारा म्हणाला, “पोरगं इमानदार हाय, सायेब. लिहून घ्या त्याचं.” कुणीतरी हसलं. साहेबांनी टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

वहिनी दारात उभी होती. तिनं आपला अंगठा मुठीत धरला होता.

पंप शाळेपाशी गेला. आमच्या बायांनी तिथं जायचं, गावातल्यांचे हंडे भरून होईपर्यंत लांब उभं राहायचं, आणि आमच्या बायांचं भरून झालं की गावातल्या कुणीतरी पंपाच्या दांड्यावर पाणी ओतून तो धुऊन घ्यायचं. हे त्या वर्षात, या राज्यात, शाळेच्या दारात चालत होतं आणि गुरुजी खिडकीतून बघत होते. मी त्यावर पत्रक लिहिलं. चांगलं झालं होतं. वस्तीत कुणी हातात घेतलं नाही.

भाऊ एवढंच म्हणाला, “आरं, सायबानं तुला दोनदा दार उघडून दिलं. तू दोन्ही डाव आतनं कडी घातलीस.”

पुण्याहून संघटनेचे वरिष्ठ कार्यकर्ते आले. “तुला हो म्हणायला काय झालं होतं?”

“उत्तर हो नव्हतं.”

“अरे, बायांना पंप हवा होता की नाही?”

“हवा होता. पण त्यांनी ते विचारलं नाही. अंगठ्यांचं विचारलं.”

त्यांनी कपाळाला हात लावला. आमच्याच एका पत्रकाचा मथळा ‘सत्य दडपू नका’ असा होता आणि तो त्यांनीच मला सांगून लिहून घेतला होता. वस्तीत रोज संध्याकाळी पंचशील म्हणतात, त्यात खोटं बोलणार नाही हे शील आहे, आणि ते मी चार वर्षांचा असल्यापासून रोज म्हणत आलोय. ज्यांनी ज्यांनी मला हे शिकवलं ते सगळे आता विचारत होते, खुळा झालास काय. मी खुळा झालो नव्हतो. मी त्यांचं ऐकलं होतं. मग खोटं बोलणार नाही याच्यापुढं आणखी काहीतरी असतं, जे म्हणत नाहीत पण सगळ्यांना पाठ असतं, ते मला कुणी का दिलं नाही? त्यानंतर मला सभेत बोलायला देणं बंद झालं. उरलो मी आणि पत्रकं छापायचं सायक्लोस्टाइलचं मशीन.

आई म्हणायची, तवापासनं वयनी तुझ्याशी कामापुरतंच बोलतीया. मला फरक कळला नव्हता. माझ्या मते ती आधीही कामापुरतंच बोलायची.

तीन वर्षांनी दुसरी योजना आली. पुन्हा लावणीचे दिवस. या वेळी मीच शाईचा पॅड घेऊन लाँचनं पलीकडे गेलो आणि चिखलात उतरून एकेकीचा अंगठा धुऊन घेतला.

“छापील, नीट बघ, माजाच हाय का,” एक म्हणाली. “न्हाईतर सायबाला सांगशील.”

“नवऱ्याचा लावू का?” दुसरी म्हणाली. “त्यो बी माजाच हाय.”

“नवऱ्याचा चालणार नाही,” मी म्हणालो. त्यावर त्या इतक्या हसल्या की एकजण वाफ्यात बसली. त्या माझ्यावर हसत होत्या की माझ्याबरोबर, हे मी परतीच्या लाँचमध्ये पूर्ण वेळ ठरवत होतो.

शेवटी घरी येऊन वहिनीपुढे पॅड धरला.

“माजा नगं,” ती म्हणाली. “माजा अंगठा कचेरीत खोटा लागलाय. तुमच्या खऱ्या कागदाला डाग कशापायी, भावजी?”

मला कारण पटलं. मी तिची जागा कोरी ठेवली.

भावानं ऐकलं तेव्हा भिंतीकडे तोंड केलं. “तिला मनवायचं व्हतं रं,” एवढंच म्हणाला. ती नको म्हणाली होती. नको म्हणजे नको, असं मी धरलं. जेवताना लोक नको म्हणतात आणि मग दोनदा घेतात, हे मी बघितलंय, पण अंगठ्यालाही तसंच असतं हे मला माहीत नव्हतं. नव्या साहेबांनी विचारल्यावर मी सांगितलं, बावीस ज्यांचे त्यांचे आहेत, एक जागा कोरी आहे. त्यांनी मान हलवली आणि शेरा मारला. पंप वस्तीत आला. वहिनीही त्यावरच पाणी भरते. ज्या बाईनं सगळ्यांच्या आधी तो मागितला होता, तिचाच ठसा मागणीवर नाही.

गेल्या वर्षी आमच्या आरोग्य शिबिरात एक डॉक्टर आले. शिकायला परदेशी राहून आलेले. दोन दिवस माझ्याबरोबर नोंदी करत होते. जाताना मला बाजूला घेऊन त्यांनी बरंच विचारलं आणि मग एक शब्द सांगितला. अ‍ॅस्पर्जर. म्हणाले, आपल्याकडे याबद्दल फारसं कुणी वाचलेलं नाही, हा रोग नाही, माणसाची घडण आहे, अशी माणसं मोठी होतात, कामं करतात, आणि त्यांना कुणी कधी काही सांगत नाही. मी म्हटलं, लिहून द्या. त्यांनी शिबिराच्या चिठ्ठीवर लिहून दिलं.

आधी मी चिडलो. सव्वीस वर्षांत मला खुळा, आगाऊ, उद्धट, कोरडा असे शब्द मिळाले, एकही मी मागितला नव्हता. आता आणखी एक, तो वस्तीत कुणाला म्हणताही येत नाही. मग गोंधळ सुरू झाला. पंप मी घालवला की या घडणीनं? घडणीनं म्हणावं, तर पत्रकंही तिनंच लिहिली. वण ओळखणारी नजर तिची, आणि साहेबांची नजर न ओळखणारीही तिचीच. एक माझं आणि दुसरं तिचं, अशी वाटणी मला करता येईना. करावीशीही वाटेना. पश्चात्ताप करायचा तर नेमका कुणी?

वर्षभरानं चिठ्ठी घेऊन मी धरणावर थोरल्या काकांकडे गेलो. ते तिथं पाण्याची पातळी बघायच्या कामाला आहेत. भिंतीला रंगवलेली पट्टी आहे, ती सकाळ-संध्याकाळ वाचायची आणि वहीत लिहायची. तीस वर्षं तेच. बोलताना माणसाकडे बघत नाहीत, रोज भाकरी आणि चटणीच खातात, कुठल्याही वर्षीच्या कुठल्याही दिवसाची पातळी सांगतात. एकटे राहतात. मी त्यांना सगळं वाचून दाखवलं.

“म्हंजी मी बी त्यातलाच,” ते म्हणाले.

“असाल. डॉक्टरांनी तुम्हाला तपासलेलं नाही.”

“तपासायला कशाला पायजे.” ते पट्टीकडे बघत होते. “तुजी काकू म्हायेरी गेली ती आलीच न्हाई. लोकं म्हणत्यात, मी तिच्या भाकरीला नावं ठिवली म्हणून गेली. नावं ठिवली व्हती. जाड व्हती, जाड म्हणालो. पर ती गठुडं बांधत व्हती तवा मी घरीच, दारात व्हतो. का चाललीस, म्हणून इचारलंच न्हाई. मला वाटलं, सांगायचं आसतं तर सांगितलं आसतं.”

“मग?”

“मग काय. जाड म्हणालो त्याचं मला काय वाटत न्हाई. मी तसाच हाय. इचारलं न्हाई त्याचं वाटतं.” त्यांनी वहीत आकडा लिहिला, पेन्सिल कानावर ठेवली. “तू वयनीला इचारलंस का?”

“काय?”

“रागावलीय का. तोंड वाचत बसू नगं, लेका. आपल्याला ते न्हाई जमत. सरळ इचार.”

सहा वर्षांत ही गोष्ट मला सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंपावर वहिनी एकटी होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. “वहिनी, तुम्ही माझ्यावर अजून रागावलेल्या आहात का? हो किंवा नाही, एवढंच सांगा. चेहऱ्यावरून मला कळत नाही.”

तिचा हात दांड्यावर थांबला. “सा वरसं झाली, भावजी.”

“साडेसहा.”

“मंग आत्ता का इचारताय?”

“विचारता येतं हे काल कळलं.”

तिनं पदराला हात पुसला आणि अंगठा माझ्यापुढे धरला. वण आता पांढरा पडलाय. “ह्यो कुनाचा?”

“तुमचा.”

“त्या दिशी बी माजाच व्हता. बाराच्या बारा. त्यात काय खोटं बोलला न्हाई तुमी. पर मागणी बाराजणींची व्हती. ते सायबाला का न्हाई सांगितलं?”

“ते त्यांनी विचारलं नाही.”

“न इचारता सांगायचं व्हतं,” ती म्हणाली.

न विचारता तर मी कितीतरी सांगत असतो. विटा कशा रचतात ते, कुठल्या एसटीचा कुठला नंबर ते, आणि लोक म्हणतात गप बस. कुठलं न विचारता सांगायचं आणि कुठलं नाही, हे तिला विचारावं असं वाटलं, पण आधीच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नव्हतं.

“म्हणजे रागावलेल्या आहात?”

तिनं उरलेला हंडा भरला. पाणी काठाला आलं तरी दोन वेळा दांडा मारला. मग वाकून चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, “हांडा उचलू लागा.”

मी उचलू लागलो. ती पुढे, मी तिची कळशी घेऊन मागे, असे आम्ही घरी आलो.

संध्याकाळी धरणावर जाऊन मी काकांना हे जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, हांडा उचलू लागा, हे हो आहे की नाही. त्यांनी बराच विचार केला. त्यांनाही सांगता येईना. ते म्हणाले, “परत इचार.”

उद्या पाण्याच्या वेळेला विचारणार आहे. शाईचा पॅडही बरोबर नेणार आहे. कागद कधीच मंजूर झालाय, आता त्या कोऱ्या जागेचा कचेरीला काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे. ती नको म्हणाली, तर या वेळी दुसऱ्यांदा विचारीन.