नूतन घरतने मोजून दिलेली पुस्तकं

नूतन घरत चिडली की आवाज चढवत नाही, खाली आणते. खाजणवाडीच्या सार्वजनिक वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या या बाईचा तो खालचा आवाज गावाने गेल्या वर्षी जेवढा ऐकला, तेवढा आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून ऐकला नव्हता.

खाजणवाडी उरणहून एसटीने अर्ध्या तासावर. पूर्वी मिठागरांचं गाव, आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रेलर उभे. वाचनालय बाजारात. पुढे मोठा हॉल, मागे पत्र्याची खोली. दुपारी दोन ते चार हॉल बायकांचा असायचा. मासळी विकून झाली की ठमाबाई रिकामी पाटी दाराशी ठेवून आत यायची. पन्नाशी उलटल्यावर ती याच हॉलमध्ये नूतनकडून वाचायला शिकली होती.

मागच्या मार्चात एका दिवसात साठ नवे सभासद झाले. सगळे ट्रेलरवरचे ड्रायव्हर आणि यार्डातले कामगार. नूतनने हात दुखेपर्यंत कार्डं लिहिली. एवढे वाचक एकदम आले म्हणून तिने हिंदी पेपर सुरू केला, हिंदी पुस्तकं पुढच्या कपाटात आणून लावली. त्यातल्या एकानेही पुस्तक नेलं नाही. एप्रिलात कार्यकारिणीची निवडणूक झाली तेव्हा मात्र साठच्या साठ रांगेत हजर. ट्रेलरमालक कुलदीप भोईर अध्यक्ष झाला. आपण त्याचे मतदार स्वतःच्या हाताने लिहून दिले हे नूतनला त्या दिवशी कळलं, आणि तिला त्याच्याहून स्वतःचा राग जास्त आला.

मे महिन्यात कुलदीपने हॉलमध्ये आपलं जनसंपर्क कार्यालय थाटलं. काचेचं दार बसलं, एसी आला, कपाटं मागच्या पत्र्याच्या खोलीत गेली. "तात्पुरतं आहे मॅडम, टेन्शन नका घेऊ," एवढंच तो म्हणाला. ठमाबाईला काचेच्या दारावरूनच परत पाठवलं, आत साहेबांची मीटिंग होती. ती दोन-तीनदा आली, मग यायची बंद झाली.

पत्रा गळतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. नूतनने कार्यकारिणीला तीन पत्रं दिली. गणपतीनंतर बघू, असं उत्तर मिळालं. तिने घरचा पेंढ्यावरचा ताडपत्रीचा तुकडा आणून कपाटांवर टाकला. जुलैत पावसाने सलग दोन दिवस झोडपलं, तिसऱ्या दिवशी तिने कुलूप काढलं तर खोलीत घोटाभर पाणी. खालच्या दोन-दोन फळ्या फुगून बसल्या होत्या, पुस्तकं ओढली तरी निघत नव्हती. काचेपलीकडे एसी चालू होता.

ती तडक चांगदेव म्हात्र्यांकडे गेली. चांगदेवकाका मिठागरावर जन्म घालवलेला माणूस, चाळीस वर्षांचा वाचक आणि कार्यकारिणीतला सगळ्यात जुना सभासद. त्यांनी तोंड उघडलं असतं तर चार माणसं मागे आली असती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुलदीपशी वाकडं घेऊन गावात ऱ्हायचं कसं, पोरी?" त्यांचा नातू कुलदीपच्या यार्डात होता. नूतनने चहा तसाच ठेवला आणि उठली.

ऑक्टोबरात जिल्हा ग्रंथालय कार्यालयाकडून वार्षिक तपासणीचं पत्र आलं. कुलदीपने तिला बोलावून घेतलं. तपासणीच्या दिवशी हॉल रिकामा करून टेबलं मांडू, वाचक बसवू, तुम्ही फक्त देवघेवीची वही नीट भरून ठेवा, असं त्याचं म्हणणं. नीट म्हणजे खोटी. मे ते सप्टेंबर रोजची तीस-चाळीस पुस्तकं.

नूतन काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. वाचनालयाचा दर्जा टिकावा म्हणून वर्षानुवर्षं तिने विसाचे तीस केले होते, आणि त्याची लाजही वाटून घेतली नव्हती. पण ते वाचनालयासाठी होतं. त्या दिवशी घरी जाऊन तिने वही उघडली आणि पाच महिन्यांच्या प्रत्येक तारखेपुढे खरा आकडा लिहिला. जवळजवळ सगळीकडे शून्य. खाली कारण लिहिलं: हॉल अध्यक्षांच्या कार्यालयाकडे.

अधिकाऱ्यांनी वही पाहिली, मागची खोलीही पाहिली. महिन्याभरात वाचनालयाचा दर्जा एक पायरी खाली आला, त्याबरोबर सरकारी अनुदानही घटलं. आणि गाव चिडलं ते नूतनवर. जे पावसात फिरकले नाहीत ते बाजारात तिला अडवून विचारू लागले, इतकी वर्षं खाल्लेल्या घराशी असं वागतात का. डिसेंबरात कार्यकारिणीने तिला काढलं. ठरावावर चांगदेवकाकांचीही सही होती.

चाव्या द्या आणि मोकळ्या व्हा, असा निरोप घेऊन कुलदीपचा कारकून विनेश आला. नूतन म्हणाली, "चाव्या शेवटी. दाखलनोंदवहीत अकरा हजार चारशे सहा पुस्तकं आहेत. एकेक मोजून घ्या."

विनेशला वाटलं दोन तासांचं काम. एकोणीस दिवस लागले. ती नंबर वाचायची, पुस्तक त्याच्या हातात द्यायची आणि त्याच्याच हाताने शेरा लिहून घ्यायची. चांगलं. भिजलेलं. बुरशी. पानं चिकटलेली. तो कंटाळून "पुढचं सगळं ठीक" असं लिहायला लागला की ती पुस्तक उघडून त्याच्या नाकासमोर धरायची. आठव्या दिवसापासून तो तोंडाला रुमाल बांधून येऊ लागला. अखेर एक हजार नऊशे बारा पुस्तकं खराब असल्याचं अध्यक्षांच्याच कारकुनाच्या अक्षरात आणि सहीत कागदावर आलं. तिने त्याची नक्कल त्याच जिल्हा कार्यालयात स्वतः नेऊन दिली आणि पोच घेतली.

फेब्रुवारीत आदेश आला. हॉल ताबडतोब वाचकांना मोकळा करा, नाहीतर मान्यता जाईल. काचेच्या दारावरची कार्यालयाची पाटी उतरली. कुलदीप अध्यक्ष राहिलाच. दर्जा काही वर चढला नाही. आणि नूतनच्या जागी नवी मुलगी नेमली गेली.

मार्चात चांगदेवकाका तिच्या ओटीवर आले. कपाटं परत हॉलमध्ये आली, ठमाबाई पुन्हा यायला लागली, सगळ्यांच्या मनात तुझा सत्कार करायचं हाय, असं ते सांगत राहिले. शाल, श्रीफळ, दोन शब्द.

नूतनचा आवाज अगदी खाली गेला. "मला काढायच्या ठरावावर सही केलीत तुम्ही. आता शाल कसली देता?"

म्हातारा म्हणाला, "चुकलो. काय करू ते सांग."

"खराब पुस्तकांतली निम्मी अजून वाचतील. ऊन आहे तोवर माणसं घेऊन या गच्चीवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या गच्चीवर नऊ जण आले. बाजारात तिला अडवणारे त्यातले तिघे. नूतन कोणाशी अवांतर बोलली नाही. सावलीच्या कडेला पुस्तकं उभी कशी ठेवायची, बुरशी कोरड्या ब्रशने कशी झाडायची, चिकटलेलं पान सुरीच्या पाठीने कसं सोडवायचं, एवढं दाखवलं आणि कामाला बसली. ठमाबाई तिच्या शेजारी. थोड्या वेळाने पलीकडे कोणीतरी घाईने पान ओढलं आणि ते टरकन फाटलं. काका होते.

"हळू," नूतन म्हणाली. "घाई असेल तर घरी जा."

काका गेले नाहीत. त्यांनी फाटलेला तुकडा उचलून पुस्तकात नीट ठेवला आणि पुढचं पान सुरीने सोडवायला घेतलं.